बँकॉक ते सिंगापूर, जमिनीवरून : १८ रात्रींचा हिशोब

नकाशावर हा प्रवास फार सोपा दिसतो. बँकॉकपासून खाली लोंबणारी जमिनीची चिंचोळी पट्टी, तिच्या लांबीभर रेल्वे, दोन्ही बाजूंना समुद्र आणि टोकाला सिंगापूर. अंतर साधारण १९०० किलोमीटर. वरून निघायचं आणि घरंगळत खाली यायचं, एवढंच. आम्ही तिघं होतो : मी, बायको आणि ६८ वर्षांची माझी आई. विमान फक्त जाताना बँकॉकपर्यंत आणि येताना सिंगापूरहून. मधलं सगळं रेल्वे, व्हॅन, बोट आणि बसने. फेब्रुवारी २०२५ मध्ये हे पार पडलं. मात्र पहिला आराखडा पूर्ण फाडून टाकावा लागला होता, म्हणून आधी त्याबद्दल.

मी सुरुवात फोटो बघून केली होती. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावरची पेर्हेंतियन बेटं डोक्यात बसली आणि बाकीचा मार्ग त्यांच्याभोवती विणला. सगळं जुळल्यावर लक्षात आलं की नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिकडे ईशान्य मोसमी पाऊस असतो. समुद्र खवळलेला, बोटी आणि बहुतेक रिसॉर्ट बंद. या पट्टीला दोन किनारे आहेत आणि दोन्हींचं पावसाचं वेळापत्रक वेगळं आहे. पश्चिमेकडे म्हणजे अंदमान समुद्राच्या बाजूला (फुकेत, क्राबी, लांकावी) पाऊस साधारण मे ते ऑक्टोबर. थायलंडच्या आखाताच्या बाजूला, कोह समुईकडे, तो ऑक्टोबर ते डिसेंबरात जोर धरतो. तेव्हा आधी महिना ठरवा, मग किनारा, आणि मगच बेटाचं नाव. डिसेंबर ते मार्चमध्ये जाणाऱ्यांनी पश्चिम बाजू धरावी. जुलै-ऑगस्टमध्येच सुट्टी मिळत असेल तर समुई आणि पेर्हेंतियन. नोव्हेंबरात दक्षिण थायलंडमधून जमिनीवरून जायचा बेत मी तरी करणार नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात हात याय शहर पुराच्या पाण्याखाली गेलं होतं, आणि मलेशियाकडे जाणारा रेल्वेमार्ग त्याच शहरातून जातो.

दुसरं कॅलेंडर सणांचं. चिनी नववर्ष, थायपुसम (तिथल्या तमिळ हिंदूंचा सण) आणि रमझान ईद या तिन्ही तारखा दरवर्षी सरकतात आणि तिन्ही वेळा मलेशियातल्या गाड्या, बस भरून जातात. थायलंडमध्ये १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान म्हणजे थाई नववर्ष असतो. नेमका तोच बघायला जायचं नसेल तर ते दिवस टाळा.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी तीन देशांचे तीन कायदे. आम्ही गेलो तेव्हा थायलंड आणि मलेशिया दोन्हीकडे व्हिसा लागला नाही. मलेशियाने ही सवलत डिसेंबर २०२३ मध्ये सुरू केली आणि तिला मुदत आहे, त्यामुळे पैसे भरण्याआधी सध्याचा नियम बघून घ्या. मलेशियाचं डिजिटल आगमन कार्ड पोचण्याच्या ३ दिवसांच्या आत भरायचं असतं. थायलंडनेही १ मे २०२५ पासून तसंच कार्ड सक्तीचं केलंय, आम्ही त्यातून थोडक्यात सुटलो. सिंगापूरला मात्र व्हिसा लागतोच, आणि तो फार आधी काढून ठेवता येत नाही : अर्ज प्रवेशाच्या तारखेच्या ३० दिवसांच्या आतच करायचा. म्हणजे बाकीची तिकिटं काढून झालेली असतात आणि शेवटच्या देशाचा कागद हातात नसतो. आमच्या घरी ते तीन आठवडे रोज जेवताना हाच विषय होता.

रात्रींची वाटणी अखेर अशी झाली : बँकॉक २, रेल्वेत १, खाओ सोक ३, क्राबी ४, पेनांग ३, क्वालालंपूर २, मलाका १, सिंगापूर २. आता पुन्हा जाईन तर क्वालालंपूरची एक रात्र काढून मलाकाला देईन.

बँकॉकहून दक्षिणेकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या जानेवारी २०२३ पासून क्रुंग थेप अपिवत या नव्या अवाढव्य स्टेशनातून सुटतात. हुआ लाम्फोंग हे जुनं स्टेशन अजून चालू असल्यामुळे टॅक्सीवाल्याला नाव नीट सांगा. दुपारी चारच्या सुमारास सुटून थेट मलेशियाच्या सीमेवर पदांग बेसारला जाणारी गाडी सगळ्यांना माहीत असते. तिचे पुढे सीमेपर्यंत जाणारे डबे दोनच, बाकीची गाडी हात यायला तुटून दुसरीकडे जाते. म्हणून तिची तिकिटं लवकर संपतात. आम्हाला खाओ सोकसाठी मधे सुरात थानीला उतरायचं होतं आणि त्यासाठी ही गाडी उपयोगाची नाही, कारण ती तिथे मध्यरात्रीनंतर एक-दीडला पोचते. संध्याकाळी उशिरा सुटणारी गाडी घ्या म्हणजे उजाडताना उतराल.

सेकंड क्लास स्लीपरमध्ये बर्थ खिडकीला समांतर असतात, मधे रस्ता आणि प्रत्येक बर्थला पडदा. खालचा बर्थ रुंद आणि त्यालाच खिडकी. वरचा अरुंद, थोडा स्वस्त, शिडी उभी. वयस्कर माणूस बरोबर असेल तर खालचा मिळेल त्या तारखेला निघा, उलटं करू नका. अंथरूण घालायला रेल्वेचा माणूस येतो. आमच्या डब्यातला पोरगा विशीचा असेल. त्याने समोरासमोरच्या दोन सीट ओढून एक केल्या, वरचा बर्थ चावीने खाली पाडला, त्यातून गादी काढली, पांढरी चादर एका झटक्यात ताणून कोपरे आत खोचले आणि पडद्याचे हूक टपाटप अडकवले. दोन मिनिटं. आई रस्त्यात उभी राहून बघत होती. "याला आपल्याकडे घेऊन चला," म्हणाली. एसी रात्रभर बोचरा असतो, शाल हाताशी ठेवा. खायचं बरोबर घ्या. दारूला थाई रेल्वेत बंदी आहे.

सुरात थानीचं स्टेशन गावापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. बाहेर पडताच व्हॅनची तिकिटं विकणारी दुकानं गाठतात. त्यातल्या एकाने आमच्या छातीवर गोल हिरवे स्टिकर चिकटवले (खाओ सोकवाले हिरवे, क्राबीवाले पिवळे), आता दहा मिनिटांत गाडी, असं सांगितलं आणि दुसऱ्याच कुठल्या तरी ऑफिसात नेऊन दीड तास बसवलं. यात फसवणूक अशी काही नसते, व्हॅन भरेपर्यंत थांबवतात इतकंच. पण आपल्या आराखड्यात "२ तास" लिहिलेलं असतं आणि अर्धा दिवस जातो. मी नंतर एक नियम केला : मुक्काम बदलायच्या दिवशी दुसरं काहीही ठरवायचं नाही.

खाओ सोक हे या प्रवासातलं माझं आवडतं ठिकाण. समुद्र नाही, दाट वर्षावन आणि चिओ लान तलाव. रत्चप्रपा धरण बांधल्यावर १९८० च्या दशकात दरी बुडाली आणि चुनखडीचे सुळके तेवढे पाण्यातून वर राहिले. एक रात्र तलावावरच्या तरंगत्या खोलीत राहिलो. पहाटे धुकं पाण्याला चिकटून होतं आणि पलीकडच्या जंगलातून गिबन वानरांची लांबच लांब हाक येत होती. चढत जायची, तुटायची, मग दुसरीकडून उत्तर. आई गोधडीसारखी शाल गुंडाळून फळीवर बसली होती आणि तासभर एक शब्द बोलली नाही. खोल्या दोन तऱ्हेच्या असतात : साध्या बांबूच्या, जिथे संडास लाकडी फळ्यांच्या वाटेवरून चालत किनाऱ्याकडे, आणि महागातल्या, जिथे तो आत असतो. बुकिंग करताना हे स्पष्ट विचारा. गुडघे दुखत असतील तर जास्त पैसे द्या. वीज ठरावीक तासच असते, फोन आधी भरून घ्या.

क्राबीत आओ नांगला राहिलो. रेलेचे किनारे कड्यांनी मुख्य जमिनीपासून तोडलेले आहेत, रस्ता नाही, बोटीनेच जावं लागतं. लांब शेपटाच्या (लाँगटेल) बोटी आठेक माणसं जमली की सुटतात. धक्का वगैरे काही नाही. गुडघाभर पाण्यातून चालत जायचं आणि बोटीच्या छोट्या शिडीवरून चढायचं. आम्ही पहिल्या दिवशी बूट-मोजे घालून गेलो आणि सगळी बोट आमचं बूट काढणं बघत बसली. भरती-ओहोटीची वेळ बघून निघा, कारण ओहोटीला रेलेच्या पूर्व बाजूला चिखल उघडा पडतो. चार रात्री जास्त वाटतील, पण पुढे शहरंच आहेत.

शाकाहारींसाठी एक शब्द : थाई भाषेत "जे". पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर असलेली दुकानं म्हणजे मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. इतर ठिकाणी नुसतं "चिकन नको" सांगून भागत नाही, माशाचा सॉस सगळ्यात असतो. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर एटीएममधून पैसे काढले की दर वेळी २०० बाटच्या वर फी लागते, तेव्हा एकदाच मोठी रक्कम काढा.

आता सीमा. क्राबीहून सकाळी व्हॅनने हात याय. व्हॅनला डिकी नसते, मोठ्या बॅगेसाठी वेगळ्या सीटचे पैसे मागतात. हात यायहून पदांग बेसारला छोटी गाडी दिवसातून दोनदा, तासाभराचा प्रवास. पदांग बेसार स्टेशन आहे मलेशियात, पण थायलंडमधून बाहेर पडायचा शिक्का आणि मलेशियात शिरायचा शिक्का दोन्ही तिथेच, एकाच इमारतीत एकापाठोपाठ. इतकी निवांत सीमा मी दुसरी पाहिलेली नाही. दहा मिनिटांत तिघंही पार. मी खुशीत जिना चढून वर गेलो, बटरवर्थच्या (पेनांग बेटासमोरचं किनाऱ्यावरचं गाव) कोम्युटर म्हणजे लोकल गाडीची वेळ बघितली, अजून चांगला अर्धा तास आहे म्हणून आईला चहा पाजला, आणि खाली आलो तर फलाट रिकामा.

मलेशियाचं घड्याळ थायलंडच्या १ तास पुढे आहे. हे मला माहीत होतं. आराखड्याच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. पण थाई गाडीतून उतरलो, मनगटावर थाई वेळ, आणि समोरचं वेळापत्रक मलेशियाचं. बायको काही बोलली नाही, तिने फक्त स्वतःचं घड्याळ काढून एक तास पुढे केलं आणि परत बांधलं. पुढची गाडी येईपर्यंत त्या फलाटावर बसलो आणि पेनांगला अंधार पडल्यावर पोचलो. तुम्ही आराखडा कराल तेव्हा या दिवसासाठी वेळेचे दोन रकाने आखा, आणि शिक्का बसताक्षणी घड्याळ बदला. इथून पुढची आरक्षित गाडी आधीच काढली असेल तर मधे किमान दोन तास ठेवा. कोम्युटरला आरक्षण लागत नाही, बटरवर्थला पावणेदोन-दोन तास लागतात, भाडं ११-१२ रिंगिट. थोडे रिंगिट आधीपासून खिशात असू द्या. बटरवर्थ स्टेशनापासून फेरीचा धक्का चालत जाण्याइतका जवळ आहे आणि पलीकडे बेटावरच्या जॉर्ज टाउनला, म्हणजे पेनांगच्या मुख्य शहरात, उतरायला पंधराएक मिनिटं. पूल आहे, टॅक्सी मिळते, पण तरी फेरीनेच जा. अंधारात समोरून दिवे जवळ येत गेले तेव्हा आमचं भांडणही मिटलं.

जॉर्ज टाउनबद्दल सगळे लिहितात, मी लिहीत नाही. तीन रात्री बरोबर आहेत. दुपारी अकरा ते चार उन्हात वाड्यांच्या गल्ल्यांतून हिंडू नका, तेवढंच.

बटरवर्थ ते क्वालालंपूर ईटीएस ही विजेवरची गाडी, साधारण चार तास. स्वच्छ, वेळेवर आणि थोडी कंटाळवाणी. क्वालालंपूरला बातू गुंफांच्या २७२ पायऱ्या आई चढली, मी दोनदा थांबलो. मलाकाच्या गावात रेल्वे नाही. क्वालालंपूरच्या तेर्मिनल बेर्सेपादू सलातान या बसस्टँडवरून बस, दोनेक तास. १५११ मध्ये पोर्तुगीज, १६४१ मध्ये डच, नंतर इंग्रज, असे थर एका टेकडीभोवती चालत दोन तासांत दिसतात. संध्याकाळी दिवसभराचे पर्यटक निघून गेल्यावर नदीकाठ खरा बघण्यासारखा होतो, म्हणून एक रात्र कमी पडते.

रेल्वेनेच शेवटपर्यंत जायचं असेल तर डिसेंबर २०२५ पासून ईटीएस मलेशियाच्या टोकाला जोहोर बारूपर्यंत जाते. तिथून सिंगापूरच्या बाजूच्या वुडलंड्सची शटल गाडी पाच मिनिटांत खाडी ओलांडते, पण तिची तिकिटं आधी काढावी लागतात. आम्ही मलाकाहून सिंगापूरची थेट बस घेतली. शुक्रवार आणि रविवारची संध्याकाळ टाळा, पुलावर गाड्यांची रांग हलत नाही. सीमेवर बसमधून दोनदा उतरायचं : एकदा मलेशियाचा शिक्का घ्यायला आणि पुन्हा सिंगापूरच्या बाजूला सगळं सामान घेऊन. च्युइंग गम, व्हेप बरोबर असेल तर मलाकातच टाका. बस प्रत्येकाची वाट बघत बसत नाही, म्हणून उतरण्याआधी तिच्या नंबरप्लेटचा फोटो काढून ठेवा. पलीकडे एकाच रंगाच्या सात-आठ बस उभ्या असतात. व्हिसावाल्यांना काउंटरवर वेळ लागतो. आमचे बोटांचे ठसे, परतीचं विमानतिकीट, हॉटेलचं नाव, सगळं विचारून झालं तोवर बाकीचे प्रवासी कधीच पुढे गेले होते. मी दोन बॅगा ओढत फोनवरचा नंबर आणि समोरच्या बस ताडून बघत धावत होतो. तिसऱ्या बसच्या खिडकीतून आई हात करत होती. तिचा ठसा पहिल्या फटक्यात उमटला होता, आणि तिने ड्रायव्हरला खुणेने थांबवून ठेवलं होतं.