आमची वाटचाल : कट्ट्यासोबत लॉटची हकिकत

लातूरला आमची डाळमिल. गिऱ्हाईक म्हणजे खानावळी, वसतिगृहांच्या मेस, केटरर आणि पुण्याकडचे पॅकिंगवाले. 'लातूरची डाळ, सांगायलाच नको' हे वाक्य इथला प्रत्येक गिरणीवाला म्हणतो, त्यामुळे त्यावर कुणी डाळीचा एक कट्टा, म्हणजे पोतं, जास्तीचा उचलत नाही. म्हणून आम्ही गिरणीचं कौतुक सोडून समोर असलेल्या लॉटची, म्हणजे एका खेपेत तयार झालेल्या मालाची, हकिकत सांगायला लागलो.

सुरुवात तुरीपासून. बदनापूरच्या संशोधन केंद्राच्या वाणांपैकी बीडीएन 711 पांढरी, बीएसएमआर 736 लाल. आडतीवरून मिसळ माल आला असेल तर 'मिसळ' एवढंच सांगायचं, वाणाचं नाव चिकटवायचं नाही. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या डाळीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव भलत्याच तुरीला लावायचा मोह होतो, पण 'कुणाच्या शेतातली?' या एका प्रश्नाला बोबडी वळते.

खरी हकिकत वाळवणीत असते. तुरीचं टरफल आणि डाळ यांच्यामध्ये डिंकासारखा थर असतो, त्यामुळे हरभऱ्यासारखी ती सहज सुटत नाही. एमरी रोलरवर, म्हणजे खरखरीत रुळावर, दाण्याला ओरखडे पाडायचे, तेलाचा हात द्यायचा, ढीग रात्रभर मुरू द्यायचा, मग उन्हात पसरायचं. कडक ऊन असेल तर दोन-तीन दिवसांत काम होतं. मध्येच आभाळ आलं की टरफल धरून राहतं, माल पुन्हा रोलरवर घ्यावा लागतो आणि डाळीच्या कडा झिजून खंडा (तुटकी डाळ) व चुनी (बारीक चुरा) वाढते. एरवी क्विंटलभर तुरीतून 70 ते 75 किलो डाळ निघते, अशा लॉटमध्ये उतारा घसरतो. हे आम्ही गिऱ्हाइकाला नमुना हातात देतानाच सांगतो: 'ढगाळ हवेतला माल आहे, खंडा जास्त दिसेल, भाव त्या हिशेबाने.' मूठभर डाळ तळहातावर पसरून तो स्वतःच खंडा वेगळा करून बघतो. त्यापुढे आम्हाला फारसं बोलावं लागत नाही.

मेसवाल्यांची ठरलेली तक्रार म्हणजे 'डाळ शिजत नाही'. तिथे गोष्ट त्यांच्या पाण्यापासून सुरू करावी लागते. बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे डाळ उशिरा मऊ होते. तूर जुनी असली तरी तसंच. एकाच लॉटची डाळ समान वजनाने दोन कुकरांत घ्यायची, एकात बोअरचं पाणी, दुसऱ्यात आरओ फिल्टरचं तेवढंच, शिट्ट्याही सारख्याच. दोन्हींत कडक राहिली तर दोष डाळीचा, आणि तो तिथल्या तिथे कबूल करायचा.

हा प्रकार फसतो तो पाठांतराने. विक्रीच्या पोराला एक गोष्ट छान जमली की जानेवारीच्या लॉटची कहाणी तो जूनच्या मालाला सांगतो. पॅकिंगवाल्यांच्या हे पहिल्या खेपेलाच ध्यानात येतं. म्हणून तोंडी काही ठेवत नाही. 200 ग्रॅमची दोन सीलबंद पाकिटं करतो, एक त्यांच्याकडे, एक आमच्याकडे, लॉट संपेपर्यंत. सोबत चिठ्ठी: तूर कुठली, वाळवणीला किती दिवस लागले, मध्ये पाऊस-ढग होते का, खंडा किती. खाली सही मालकाची नाही, वाळवणीवर उभ्या असलेल्या माणसाची.