आईचा निकाल: ही कॅरव्हॅन विकून टाक

शाळेच्या सुट्टीतले लेक डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे उत्तर इंग्लंडातल्या तलाव-डोंगरांच्या भागातल्या, कॉटेजांचे दर बघितले की इंग्लंडातल्या भल्याभल्या मराठी माणसाला कॅरव्हॅनची, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराची, हुक्की येते. मग कुणीतरी आमच्या घरी फोन करतं, कारण आमच्याकडे ती आहे. पूर्ण नाही, घडीची. फोल्डिंग. "कशी आहे रे? घेऊ का?" या प्रश्नाला मी आजवर प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलंय. समोरच्याकडे गॅरेज आहे का आणि त्याची बायको किती सोशिक आहे, यावर ते ठरतं. आता आईनेही निकाल दिलाय, तेव्हा एकदा सगळं लिहूनच टाकतो.

फोल्डिंग कॅरव्हॅनच्या दोन जाती. एक कडक भिंतींची: छप्पर वर उचलायचं आणि आत आडव्या पडलेल्या भिंती एकेक करून उभ्या करायच्या. दुसरी कापडी: ट्रेलरची पेटी उघडली की दोन्ही बाजूंना पलंग बाहेर सरकतात आणि वर कॅनव्हास चढतो. आमची दुसरी. आत दोन बर्नरचा गॅस, छोटं सिंक, मधे टेबल आणि बाकडी. थोडक्यात चाकांवरचा तंबू, पण जमिनीपासून वर, खऱ्या गादीवर झोपवणारा. विकणारा म्हणाला होता, "वीस मिनिटांत उभी राहते." राहते की! वारा पडलेला असेल आणि घरचे एकमेकांशी बोलत असतील तर. पुढची ऑनिंग, म्हणजे दारापुढची कापडी पडवी, लावायची असेल तर तास धरा.

गेल्या मे महिन्यात आई-अण्णा वाईहून आले होते. मे अखेरच्या सुट्टीत त्यांना घेऊन बर्मिंगहॅमजवळच्या आमच्या घरून एम-६ मोटरवेने थेट वर, लेक डिस्ट्रिक्टला निघालो. अण्णा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांनी आधी ट्रेलरभोवती एक चक्कर मारली, टायर दाबून बघितले, मग विचारलं, "पासिंग कधी केलंस?" या देशात अशा ट्रेलरला पासिंग नाही, रोड टॅक्स नाही, स्वतःचा नंबरही नाही, ओढणाऱ्या गाडीचाच नंबर मागे लावायचा, हे ऐकून ते बराच वेळ गप्प बसले. मला वाटतं, त्यांच्या मनातल्या ब्रिटिशांच्या शिस्तीच्या प्रतिमेला तिथेच थोडा पोचा पडला.

रस्त्यावर मात्र ते खूश होते. या प्रकाराचे सगळे गुण रस्त्यावरच दिसतात. घडी केल्यावर ती इतकी बुटकी की मधल्या आरशातून तिच्या टपावरून मागचा रस्ता दिसतो. साध्या कॅरव्हॅनसारखे बाजूला कानासारखे जादा आरसे लावावे लागत नाहीत. ट्रक शेजारून गेला तरी डुलत नाही, पेट्रोलही कमी खाते. ट्रेलर मागे असला की मोटरवेवर साठ मैलांची मर्यादा, आणि तीन लेन असतील तर सगळ्यात उजवी लेन बंद. अण्णांना हे दोन्ही नियम एकदम पसंत. "पहिल्यापासून सगळ्यांना असंच पाहिजे होतं," म्हणाले. टीबेच्या सर्व्हिसेसला, म्हणजे मोटरवेवरच्या खाण्यापिण्याच्या थांब्याला, थांबलो. मोटरवेवरचं खाणं म्हणजे शिक्षा, या माझ्या मताला हा एकच अपवाद. तळ्यातली बदकं बघत आईने डब्यातल्या दशम्या काढल्या आणि आम्ही चहा तेवढा विकत घेतला.

वजनाचं सांगतो, कारण फोनवर सगळे तेच विचारतात. सामान भरून आमची साधारण ८५० किलो. नवशिक्याने गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त ओढू नये, असा इथला सर्वमान्य सल्ला आहे, आणि आपली नेहमीची फॅमिली कार त्यात आरामात बसते. पूर्वी याचा आणखी एक फायदा होता. १९९७ पासून परीक्षा पास झालेल्यांना, म्हणजे इथे येऊन लायसन्स काढलेल्या जवळपास आपल्या सगळ्यांना, जड ट्रेलरसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागे. गाडी आणि ट्रेलर मिळून ३,५०० किलोंच्या आत असेल तरच सूट. घडीची त्यात सहज बसायची. १६ डिसेंबर २०२१ पासून ती भानगडच सरकारने काढून टाकली. आता साध्या कार लायसन्सवर ३,५०० किलोंपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. म्हणजे लायसन्सपायी घडीची घ्यायचं कारण उरलं नाही. मी घेतली तेव्हा ते होतं, एवढंच.

पेनरिथला एम-६ सोडून ए-६६ रस्त्याने केझिक, तिथून डर्वेंटवॉटरच्या काठाने बॉरोडेल. कॅम्पसाइटवर ट्रेलर रिव्हर्स घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की तो उजवीकडे जातो. माझी तिसऱ्यांदा मागेपुढे चालू झाल्यावर अण्णा खाली उतरले आणि उसाच्या ट्रॉलीला गव्हाणीपाशी लावतात तसं "येऊ दे, येऊ दे, बास" करत त्यांनी तो जागेवर बसवला. मग चारी कोपऱ्यांचे पाय हँडलने फिरवून खाली टेकवणं, पलंग ओढणं, त्यांच्याखाली दांडे बसवणं, कॅनव्हासच्या चेनी लावणं, यात ते असे रंगले की आई म्हणाली, "घरी साधी मच्छरदाणी बांधायला सांगितली तर कंबर दुखते यांची."

आणि पाऊस आला.

बॉरोडेलच्या टोकाला सीथवेट नावाची वस्ती आहे. इंग्लंडातली सगळ्यात ओली वस्ती म्हणून तिची ख्याती, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. नोव्हेंबर २००९ मध्ये तिथे चोवीस तासांत ३१६ मिलिमीटर पडला, तो देशातला उच्चांक होता. डिसेंबर २०१५ मध्ये तो मोडला शेजारच्याच हॉनिस्टर घाटाने, ३४१ मिलिमीटर. मी हे आकडे जरा अभिमानानेच सांगितले. अण्णांनी बाहेर हात काढून बघितला. "ह्याला पाऊस म्हणत्यात व्हय?" महाबळेश्वर डोक्यावर घेऊन जन्म काढलेल्या माणसापुढे मी काय बोलणार? तिथे तर चार महिन्यांतच याच्या दीडपट कोसळतो.

पण महाबळेश्वरला माणूस कौलाखाली असतो. कॅनव्हासखाली पावसाचा आवाज पहिला अर्धा तास रम्य वाटतो, नंतर डोक्यात जातो. ओल्या कापडाला आतून हात लागला की तिथून पाणी झिरपायला लागतं, म्हणून लेकीला दर पाच मिनिटांनी ओरडायचं. रात्री चांगलीच थंडी. छोटा फॅन हीटर लावला की गरम हवा कापडातून बाहेर, आणि अण्णांचं घोरणं अख्ख्या साइटला. संडास मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. आतल्या पोर्टेबल संडासाकडे आईने एकदा बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही. साडीवर स्वेटर, त्यावर माझा रेनकोट, पायात बायकोचे वेलिंग्टन बूट आणि हातात बॅटरी, अशी ती अंधारात चिखल तुडवत गेली.

सकाळी ती परत येत असताना शेजारच्या मोठ्या कॅरव्हॅनमधल्या इंग्लिश आजींनी तिला हाक मारली. आईला इंग्रजीचा गंध नाही, आजींना मराठी येण्याचा प्रश्नच नाही. तरी अर्ध्या तासाने मी शोधत गेलो तर आई आत, हीटरला पाठ लावून, हातात चहाचा मग, मांडीवर त्यांची कुत्री. कुत्रं आमच्या वाईच्या घरात उंबऱ्याच्या आत येत नाही, हे मुद्दाम सांगतो. आजींनी तिला सगळं उघडून दाखवलं होतं: ओव्हन, फ्रीज, गरम पाण्याचा शॉवर, फ्लशचा संडास, कपाटात हँगरला लावलेले कपडे. आईने लेकीच्या हाती बेसनाचे लाडू पाठवले, त्यांच्याकडून शॉर्टब्रेड आली. मग आमच्या तंबूत येऊन आईने मला समोर बसवलं.

"हे का नाही घेतलंस तू?"

मी सांगायला लागलो. आई, ती ठेवायची कुठे? आमच्या घराच्या कागदपत्रांत अंगणात कॅरव्हॅन उभी करायची नाही, अशी अटच आहे. बाहेर कुठे ठेवायची तर वर्षाला काहीशे पौंड भाडं. ही गॅरेजमध्ये मावते. ती ओढायला मोठी गाडी पाहिजे. ती वाऱ्यात डुलते. ती महाग.

"बरं. आणि ही गॅरेजात मावते म्हणून आम्ही हिच्यात झोपायचं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. बायको पलीकडे कांदा चिरत होती. तिने मान वर केली नाही, पण सुरीचा आवाज थांबला होता.

त्या दुपारी उघडीप मिळाली. ट्रेलर साइटवर सोडून नुसती गाडी घेऊन हॉनिस्टर चढलो. २५ टक्के चढ, दोन्ही बाजूंना पाटीच्या दगडाचे उतार, मेंढ्या रस्त्यात. मोटरहोमवाल्यांना, म्हणजे ज्यांची गाडी हेच घर त्यांना, दरवेळी सगळा संसार घेऊन हिंडावं लागतं. आपलं घर खाली ठेवून गाडी मोकळी, हे सुख कुठल्याही कॅरव्हॅनला आहे, घडीच्याही. बाकी तलाव, बोट, केझिकचं पेन्सिल म्युझियम सगळं झालं. छान झालं.

निघायच्या दिवशी पुन्हा धार. दुपारी बाराला जागा सोडायची. घडीच्या कॅरव्हॅनची खरी परीक्षा ही. साधीवाला पाय वर घेतो, गाडीला जोडतो आणि जातो. आम्ही टपावर साठलेलं पाणी आतून झाडूने ढकलत होतो, गाद्यांवर प्लास्टिक अंथरत होतो, कारण ओला कॅनव्हास घडी होऊन थेट गाद्यांवरच बसतो. बर्फासारखं गार, जडशीळ कापड. बोटं बधिर. आईला आजींनी पुन्हा आत बोलावून घेतलं होतं. तिथल्या मोठ्या खिडकीतून ती आमच्याकडे बघत होती.

आणि घरी पोचलं की सुटलात असं नाही. ओलं कापड दोन दिवसांच्या आत उघडून वाळवलं नाही तर काळी बुरशी धरते आणि ती जन्मात जात नाही. घरी आलो तर तिथेही पाऊस. गाडी रस्त्यावर, गॅरेजमध्ये ट्रेलर अर्धवट उघडून हवेतली ओल शोषणारा डीह्युमिडिफायर, कॅनव्हासचे पडदे जिन्याच्या कठड्यावर. अख्ख्या घराला कुबट वास. बँक हॉलिडेच्या, म्हणजे सार्वजनिक सुट्टी जोडून आलेल्या, वीकेंडसाठी ही वस्तू मुळीच नाही. आठवडा-दहा दिवस एका जागी, शक्यतो फ्रान्सच्या दक्षिणेला, उन्हात बसणार असाल तर हिच्यासारखी नाही. पण आपली रजा सगळी भारतात जायला लागते, इथे उरतात फक्त वीकेंड.

तर जाहिरात दिली. एक सज्जन बघायला आले, चाकं बघितली, चेनी ओढल्या, मग कॅनव्हासला नाक लावून थांबले. आईने चारही दिवस पिठलं, ठेचा आणि हिंगाची फोडणी आतच केली होती, बाहेर पाऊस म्हणून. कापडाने ती सगळी धरून ठेवली होती. मागितलेल्या रकमेच्या दोन तृतीयांश देतो म्हणाले. वासाचं नाव घेतलं नाही, माणूस सभ्य.

मी कळवतो म्हटलं. रात्री व्हिडिओ कॉलवर अण्णा म्हणाले, "एवढ्याला देऊ नकोस, खालचं लोखंड चांगलं आहे." मागून आईचा आवाज आला, "देऊन टाक म्हणावं, लाडू मी फुकट पाठवते." बायको म्हणते, एकदा पूर्ण धुऊन बघू. कॅनव्हास धुवायला साबण चालत नाही, वरचं वॉटरप्रूफिंग जातं. मग पुन्हा ते मारायचं, पुन्हा वाळवायचं, आणि त्यासाठी सलग तीन कोरडे दिवस पाहिजेत. बर्मिंगहॅमचा अंदाज बघतोय.