आणि आडनाव?

"आणि आडनाव?" दलालाने फोनवर विचारले, तेव्हा माझा भाचा क्षणभर थांबला. आम्ही बडोद्यातल्या कमाटीबागेत बाकावर बसलो होतो. फतेगंजातल्या खोलीचे भाडे, अनामत, दुचाकी लावायची जागा, सारे ठरले होते.

त्याचे ते थांबणे दिवसभर मनातून जात नाही. १९१७ मध्ये कोलंबिया आणि लंडन येथे शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत आलेल्या बाबासाहेबांना या शहरात जागा मिळाली नाही. ते पारशी सराईत पारशी नावाने राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना निघून जायला लावले, तेव्हा मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते याच बागेत बसून होते. तेही ज्या सयाजीरावांनी शिष्यवृत्ती दिली, त्यांच्याच राजधानीत!

त्या उसन्या नावापासून १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेपर्यंतची ३९ वर्षे आपण भाषणात एका वाक्यात उरकतो. मला मात्र ते अकरा दिवसच लांबलचक वाटतात. हाक आली की वळून पाहायचे, आणि ते नाव आपले नाही हेही विसरायचे नाही.

भाच्याने आडनाव सांगितले, जरा मोठ्यानेच. "मालकांना विचारून कळवतो," दलाल म्हणाला.

रात्रीचे दहा वाजले आहेत. फोन आलेला नाही.