परदेशी जावयाला घेऊन अमळनेरपर्यंत : मुंबई विमानतळावरच्या दोन रांगा

गेल्या डिसेंबरात मी आणि माझे पती फ्रँकफुर्टहून मुंबईमार्गे माझ्या माहेरी, अमळनेरला, जाऊन आलो. माझा पासपोर्ट भारतीय आहे आणि त्यांचा जर्मन. लग्नानंतरची आमची ही दुसरी खेप होती, त्यामुळे सगळे माहीत असल्याचा जो एक फाजील विश्वास अंगी येतो, तो माझ्या अंगी पुरेपूर आलेला होता.

मध्यरात्रीनंतर मुंबईच्या दुसऱ्या टर्मिनलवर उतरलो, तेव्हा लांबलचक मार्गिकेच्या टोकाशी भारतीयांची रांग एकीकडे आणि परदेशी व ई-व्हिसाधारकांची दुसरीकडे अशी विभागणी समोर आली. भारतीयांची रांग आखूड दिसल्याने मी तिकडे वळले आणि दहा मिनिटांत शिक्का घेऊन पलीकडे पोहोचले. तिथे पोहोचल्यावर लक्षात आले, की आमची सगळी कागदपत्रे ज्या निळ्या फाइलमध्ये होती, ती माझ्याच पिशवीत राहिली होती. पतींचा व्हिसा अधिकाऱ्यांना संगणकावर दिसला. पण मुक्काम कोठे आणि कोणाकडे, त्यांचा दूरध्वनी क्रमांक काय, या प्रश्नांवर पतींकडे ‘अमळनेर’ या एका शब्दापलीकडे उत्तर नव्हते. त्यांच्या जर्मन सिमला नेटवर्क नव्हते आणि काउंटर ओलांडलेल्या माणसाला मागे फिरता येत नाही. शेवटी बोर्डिंग पासच्या मागे वडिलांचे नाव, गल्ली, पिनकोड आणि मोबाइल क्रमांक लिहून तो तुकडा मी एका कर्मचाऱ्याच्या हाती आत पाठवला. या सगळ्यात पाऊण तास गेला आणि चूक संपूर्णपणे आमचीच होती.

म्हणून पहिली सूचना अशी, की जोडप्याची एकच फाइल करू नये; ज्याची कागदपत्रे त्याच्याच हातात असावीत आणि यजमानांचा पत्ता कागदावर लिहिलेला असावा. १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी प्रवाशांसाठी ई-अरायव्हल कार्ड, म्हणजे भारतात येण्याविषयीचा माहितीचा फॉर्म, सुरू झाले आहे. ते येण्याआधीच्या ७२ तासांत ऑनलाइन भरायचे असते आणि त्याला शुल्क नाही, त्यामुळे त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहावे. ई-व्हिसावर येणाऱ्यांच्या बोटांचे ठसे व छायाचित्रही काउंटरवरच घेतले जाते, म्हणून ती रांग मुळातच सावकाश सरकते.

नावांचा घोळ ही याहून चिवट गोष्ट आहे. पतींच्या आडनावात दोन टिंबे डोक्यावर असलेला जर्मन ‘यू’ आहे. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांत तो ‘यू’ आणि ‘ई’ अशा दोन अक्षरांनी छापला जातो. माझ्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर पतीचे नाव लिहिताना मात्र नुसता ‘यू’ पडला आहे. परतीच्या वेळी अधिकाऱ्यांनी दोन्ही पासपोर्ट शेजारीशेजारी ठेवून त्या एका अक्षरावर बोट टेकवले आणि विचारले, “हे तेच का?” विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र दाखवल्यावर प्रश्न मिटला. व्हिसाचा अर्ज भरताना तळाच्या त्या दोन ओळींतलेच स्पेलिंग उतरवावे, मधली नावे गाळू नयेत आणि विवाह प्रमाणपत्राची मूळ प्रत हातातल्या सामानात ठेवावी.

आमचे लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदलेले आहे. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी, म्हणजे भारतात वारंवार व्हिसा न काढता येऊ देणाऱ्या कार्डासाठी, अर्ज करायचा, तर नोंदणीकृत विवाहाला सलग दोन वर्षे व्हावी लागतात आणि आमची अजून झालेली नाहीत. नोंदणी झालेल्या प्रवाशांना जलद बाहेर काढणारी जी नवी सोय मुंबईत आली आहे, तीही भारतीय आणि ओसीआयधारक यांच्यापुरतीच आहे.

खरी कसोटी मात्र अमळनेरच्या घरात लागते, आणि ती जावयाची नसून सासऱ्याची असते. ‘जवाई उनात का?’ असे विचारत गल्ली गोळा झालेली असते, भरितासाठी वांगी भाजली जात असतात आणि घड्याळ चालू झालेले असते; कारण परदेशी पाहुणा मुक्कामाला आल्यापासून २४ तासांच्या आत घरमालकाने त्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्यांना द्यायची असते. हॉटेले ही माहिती ज्यावर देतात तो ‘फॉर्म सी’ (२०२५ च्या नव्या नियमांत ‘फॉर्म ३’) अनेकांना ठाऊक असतो. तो घरगुती पाहुण्यालाही लागू आहे, हे आमच्या वडिलांना पटवायलाच एक संध्याकाळ गेली. “जावयाची कसली वर्दी द्यायची?” हा त्यांचा प्रश्न चुकीचा म्हणवत नाही. जिल्ह्यात परदेशी नागरिकांच्या नोंदणीचे अधिकारी पोलीस अधीक्षक असतात, म्हणजे आमच्यासाठी ते कार्यालय जळगावला आहे. फॉर्म ऑनलाइन भरता येत असला, तरी त्यासाठीचे खाते पाहुणा येण्याच्या आठ-दहा दिवस आधीच उघडून ठेवावे आणि भरलेल्या फॉर्मची प्रत पाहुण्याजवळ द्यावी.

परतताना आम्ही शहाणे झालो होतो. मुंबईत रांगेत शिरण्याआधीच कर्मचाऱ्याला विचारले आणि आम्हां दोघांना परदेशी प्रवाशांच्या काउंटरवर एकत्र सोडण्यात आले. पहिल्या खेपेला याच विनंतीला नकार मिळाला होता, त्यामुळे हा हक्क समजू नये, विचारून मात्र पाहावे. फ्रँकफुर्टला माझे पती युरोपीय नागरिकांच्या रांगेत न जाता माझ्याबरोबर ‘सर्व पासपोर्ट’च्या रांगेत उभे राहिले. ज्याची रांग भरभर सरकते त्याने दुसऱ्याच्या रांगेत यावे, हे सहसा निभते. उलटे करायला जाल, तर काउंटरवरून परत पाठवले जाण्याची भीती असते. युरोपात ऑक्टोबर २०२५ मध्ये बोटांचे ठसे घेणारी नवी प्रवेश-निर्गमन नोंदणी सुरू झाली आहे. परंतु माझ्याजवळ जर्मनीचे निवास कार्ड असल्याने ती मला लागू नव्हती. ते कार्ड पासपोर्टसोबतच पुढे करावे, मागण्याची वाट पाहू नये.

जाता जाता सामानाविषयी एवढेच, की आईने दिलेले घरचे तूप आणि भरिताची वांगी अमळनेरलाच ठेवावी लागली, कारण दुग्धजन्य पदार्थ आणि प्रमाणपत्राविना ताजी भाजी युरोपात नेता येत नाही. केळी मात्र नेता येतात.