दाढीचा फेस आणि टँकरचं पाणी

बारा वर्षं मी डब्यातून फुस्सकन निघणारा फेस गालाला फासत होतो. मागच्या दिवाळीत मानेवर पुरळ उठलं आणि डॉक्टर म्हणाले, काही दिवस ते बंद ठेवा, साधा साबण वापरून बघा. बाबा आयुष्यभर ब्रश आणि साबणावरच दाढी घोटत आलेत, त्यामुळे यात शिकण्यासारखं काही असेल असं वाटलंच नव्हतं. रविवार पेठेतून डुकराच्या केसांचा ब्रश आणि दाढीच्या साबणाची गोल वडी घेतली, तुळशीबागेतून एक खोलगट स्टीलची वाटी घेतली आणि वाघोलीला घरी आलो.

पहिला प्रयोग वाटीतला. ब्रश कोमट पाण्यात पाच मिनिटं भिजवला (ओल्या शेळीसारखा वास येतो, पहिले आठ दिवस सहन करायचा), झटकला, अर्धा मिनिट वडीवर गोल गोल फिरवला आणि वाटीत घुसळायला लागलो. फेस आला, पण कपडे धुतल्यावर बादलीत उरतो तसा. मोठे मोठे बुडबुडे, आणि वाटीच्या कडेला फाटलेल्या दुधासारखे करडे कण. गालावर लावून रेझर हातात घेईपर्यंत अर्धा फेस विरला होता.

दोष ब्रशला दिला. ते अगदीच चूक नव्हतं. डुकराच्या केसांचा नवा ब्रश ताठ असतो आणि फेस आपल्याच पोटात ठेवतो. वापरून वापरून केसांची टोकं दुभंगली की मऊ होतो. पण मला एवढा धीर कुठला? कृत्रिम केसांचा ब्रश मागवला. तो भिजवावा लागत नाही, पाणीही फारसं धरून ठेवत नाही. फेस मात्र तोच, बादलीतला.

मग वाटी सोडून थेट गालावर. साबण चढवलेला ब्रश ओल्या दाढीवर फिरवायचा आणि मधूनमधून ब्रशची टोकं पाण्यात बुडवायची. खुंटं चांगली उभी राहतात, पण मानेवरच्या पुरळावर ताठ ब्रश फिरवणं म्हणजे जखमेवर मीठ. तिसरी रीत तळहातावरची. डाव्या हाताचा खोलगा करायचा आणि त्यात ब्रश फिरवायचा. फेस दाट आहे की पातळ हे कातडीलाच कळतं, असं म्हणतात. मला एवढंच कळलं की पाणी कोपरापर्यंत ओघळतं आणि बनियन भिजतो.

असा दीड महिना गेला.

संक्रांतीला दोन दिवस नारायण पेठेत आईबाबांकडे राहायला गेलो. सोबत तोच ब्रश, तीच वडी, तीच वाटी. सकाळी मोरीत नळाचं पाणी घेऊन सवयीने जोर लावून घुसळायला लागलो, तर मिनिटभरात फेस वाटीबाहेर. पांढराशुभ्र, श्रीखंडासारखा, वाटी उपडी केली तरी पडणार नाही असा. बाबा दारातून बघत होते. "अरे, चार माणसांची दाढी करणार आहेस का?" म्हणाले.

चहाच्या वेळी मी हा चमत्कार सांगितला. आईने मान वर न करता विचारलं, "तुमच्याकडे बोअरचं पाणी ना? त्यात डाळ तरी शिजते का?"

"म्हणून तर मी कुकरला फिल्टरचं पाणी घेते," बायको म्हणाली. "दोन वर्षं झाली."

म्हणजे घरात डाळीची सोय झालेली होती, माझीच राहिली होती.

पेठांत येतं ते खडकवासल्याचं, म्हणजे सह्याद्रीत पडून धरणात साठलेलं पावसाचं पाणी. ते हलकं असतं. आमच्या सोसायटीत बोअर आणि टँकर. खडकाच्या भेगांतून मुरत आलेलं हे पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. साबण आधी त्यांच्याशी जोडला जातो आणि त्याचा न विरघळणारा चोथा होतो. वाटीच्या कडेचे करडे कण तेच. उरलेल्या साबणाचा काय तो फेस. नळाच्या तोंडावर आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, तोही याच क्षारांचा.

घरी येऊन दोन बाटल्या घेतल्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत फिल्टरचं, दोन्हींत चिमूटभर किसलेला साबण. हलवल्यावर एकीत गढूळ पाणी आणि वर पातळसा पापुद्रा, दुसरीत निम्मी बाटली फेस. एवढ्या तपासणीला कुठलं यंत्र लागत नाही. टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेल्या सगळ्याच क्षारांचा मिळून आकडा दाखवतो, त्यातले फेस मारणारे किती ते सांगत नाही.

पाणी उकळून, गार करून, वरचं निवळ घेऊन पाहिलं. फरक पडतो, पण पुरेसा नाही. ढोकळ्यासाठी आणलेलं सायट्रिक अ‍ॅसिडही वापरून पाहिलं. मगभर पाण्यात दोन-चार कण टाकले तर ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि फेस सुधारतो. हावरटपणाने मोठी चिमूट टाकली त्या दिवशी मात्र साबणच फुटला, कारण आम्ल जास्त झालं की साबण साबण राहत नाही. मग तो नाद सोडला.

आता फिल्टरचं एक वाटी पाणी गरम करून घेतो. ब्रश भिजवायला आणि फेसाला तेवढं पुरतं. पाणी थेंबाथेंबाने वाढवायचं. चक्क्यासारखा घट्ट असेल तर अजून दोन थेंब, बुडबुडे दिसायला लागले तर पाणी जास्त झालं, ब्रश पुन्हा वडीवर. शेवटचा हातही त्याच पाण्याचा, नाहीतर उरलेला साबण नळाच्या पाण्याशी जुळून चेहरा चिकट होतो. त्यानंतर तुरटी.

पाणी बदलल्यावर तिन्ही रीती पुन्हा करून पाहिल्या. रोज वाटीच. पुरळ गेल्यापासून रविवारी थेट गालावर, कारण तेव्हा घाई नसते आणि ब्रशही आता मऊ झालाय. तळहातावर अजूनही बनियन भिजतो.