नव्वद टक्क्यांचा माग

कुणाचाही शोधनिबंध माझ्या हातात आला की मी आधी तक्ते पाहते, मग पद्धती, मग चर्चा, आणि प्रस्तावना अगदी शेवटी. आकडे काय म्हणतात हे आधी आपल्या डोळ्यांनी पाहिलं की लेखकाच्या शब्दांचा दाब मनावर राहत नाही. शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीचा पहिला ड्राफ्टही मी असाच वाचला, म्हणून त्यातली गडबड लवकर दिसली.

तिचा प्रयोग साधा आणि नेटका होता. दोन गटांना एकच पाठ दिला होता. एका गटाने तो पुन्हा वाचून टिपणं काढायची, दुसऱ्या गटातल्या मुलांनी तो एकमेकांना शिकवायचा. आठवड्यानंतर दोघांनाही तीच चाचणी. शिकवणारा गट पुढे होता. फरक लहान होता, पण स्पष्ट होता. विश्वास-अंतराल, म्हणजे खरा फरक ज्या मर्यादांमध्ये असावा तो पट्टा, तेही शून्यापासून दूर होतं. मला तक्ते आवडले.

पुढे चर्चा वाचायला घेतली आणि चक्रावलेच. पानामागून पानं ती माफी मागत होती. नमुना लहान असेल, मुलांचं लक्ष नसेल, चाचणी अवघड गेली असेल, म्हणून ‘अपेक्षेइतका फरक आढळला नाही’. अपेक्षा कुणाची? उत्तर प्रस्तावनेच्या दुसऱ्या वाक्यात सापडलं : ‘माणसाच्या लक्षात वाचलेल्यापैकी १० टक्के आणि दुसऱ्याला शिकवलेल्यापैकी ९० टक्के राहते.’ त्याला तीन संदर्भ जोडलेले होते. अलीकडचा एक शोधनिबंध, शिक्षक-प्रशिक्षणाची एक पुस्तिका आणि एडगर डेल, १९४६.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला बोलावलं.

“डेल वाचलास?”

“नाही मॅडम, पण त्या पेपरमध्ये त्यांचाच संदर्भ आहे.”

हे उत्तर मी अनेकांकडून ऐकलं आहे. ती आळशी नव्हती. पद्धतीवर तिने घेतलेली मेहनत मी पाहिली होती. पण संदर्भ म्हणजे वाक्याच्या शेवटी लावायचं शिक्कामोर्तब, अशी समजूत करून देणारे आम्हीच, मार्गदर्शकच असतो. सिमकिन आणि रॉयचौधरी या दोघांनी २००३ मध्ये एक हुशार युक्ती केली होती. संदर्भांतल्या छपाईच्या चुका एका निबंधातून दुसऱ्यात जशाच्या तशा कशा उतरत जातात, हे त्यांनी मोजलं आणि त्यावरून अंदाज बांधला की मूळ निबंध खरोखर वाचून संदर्भ देणारे साधारण २० टक्केच असावेत. अंदाजच तो, पण मला खरा वाटतो.

आम्ही दोघी ग्रंथालयात जाऊन बसलो. आधी तिच्याकडचे दोन संदर्भ, शोधनिबंध आणि पुस्तिका, शेजारी शेजारी ठेवले. एवढ्यानेच पहिली ठिणगी पडली. एका ठिकाणी ९० टक्के ‘दुसऱ्याला शिकवल्यावर’ होते, तर दुसरीकडे तेच ९० टक्के ‘बोलून आणि करून पाहिल्यावर’. एका तक्त्यात व्याख्यानाला ५ टक्के दिले होते, तर दुसऱ्यात व्याख्यानाची ओळच नव्हती. कृती बदलली तरी आकडा तोच. मोजून आलेला आकडा असं वागत नाही. शिवाय सगळे आकडे दहाच्या नाहीतर पाचच्या पटीत. खऱ्या मोजमापाला इतका गुळगुळीतपणा कधी येतो का?

मग माग काढायला लागलो. शोधनिबंधाने पुस्तिकेचा हवाला दिला होता, पुस्तिकेने डेलचा. ग्रंथपालांनी डेलच्या पुस्तकाची प्रत मिळवून दिली. डेल हे ओहायो स्टेट विद्यापीठात प्राध्यापक होते आणि दृक्‌श्राव्य साधनांवरच्या या पुस्तकात त्यांनी अनुभवांचा एक शंकू काढला आहे : पायथ्याशी प्रत्यक्ष अनुभव, टोकाशी शब्द. तिने ते प्रकरण पहिल्या पानापासून वाचलं, मागे-पुढे चाळलं, पुन्हा वाचलं.

“मॅडम, यात टक्केवारीच नाहीये.”

नव्हतीच. शंकूत एकही आकडा नाही. उलट ही आकृती काटेकोर उतरंड म्हणून घेऊ नका, असं खुद्द डेलनेच वाचकाला बजावलेलं आहे. पुढे शोधल्यावर कळलं की अशा आकड्यांची एक मालिका १९६७ मध्ये ट्रायक्लर यांच्या एका लेखात छापून आली होती, दृक्‌श्राव्य माध्यमांच्या व्यावसायिक नियतकालिकात, कुठल्याही संशोधनाचा आधार न देता. नंतर कुणीतरी ते आकडे नेऊन डेलच्या शंकूवर चिकटवले. अशाच आकड्यांचं जे दुसरं रूप ‘शिक्षण-पिरॅमिड’ नावाच्या आकृतीत फिरतं, त्याचं श्रेय नॅशनल ट्रेनिंग लॅबोरेटरीज या अमेरिकन संस्थेला दिलं जातं. मूळ संशोधन आपल्याकडे नाही, हे त्या संस्थेनेच विचारणाऱ्यांना कळवलेलं आहे. ‘एज्युकेशनल टेक्नॉलॉजी’ या नियतकालिकाने २०१४ मध्ये या भाकडकथेवर चार लेख एकत्र छापले. म्हणजे आम्ही सकाळभर जे शोधलं ते इतरांनी आधीच शोधून, लिहून ठेवलं होतं. तिने ते शोधलं नव्हतं, कारण ‘हे खरं आहे का’ असा प्रश्नच तिने शोधयंत्राला विचारला नव्हता.

ती गप्प झाली. तिच्या मनातली भीती मला कळत होती. प्रस्तावना गेली, म्हणजे अख्खा पेपर गेला.

मला ते अगदी उलट दिसत होतं आणि तिला ते समजावताना मी, खरं सांगायचं तर, उत्तेजित झाले होते. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये लिहिलेलं आहे की शोधनिबंधाने चार प्रश्नांची उत्तरं द्यावीत : सुरुवात का केली, काय केलं, काय उत्तर मिळालं, आणि त्याचा अर्थ काय. मी कोऱ्या कागदावर हे चार प्रश्न लिहिले. दुसऱ्या आणि तिसऱ्याची तिची उत्तरं भक्कम होती. पहिलं पोकळ होतं आणि त्यामुळे चौथं वाकडं झालं होतं. नव्वदचा आकडा बाजूला काढला, तर तिचा लहानसा फरक अपयश उरतच नव्हता. तो एक निष्कर्ष होता, तिने स्वतः मोजलेला.

मग तिने विचारलं, “मॅडम, गृहीतकच बदलून टाकू? थोडा फरक अपेक्षित होता, असं लिहिते.”

दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण मला वाटतं हाच होता. निकाल हाती आल्यावर त्याला साजेसं गृहीतक लिहायचं आणि ते आधीपासूनच होतं असं भासवायचं, या प्रकारावर नॉर्बर्ट केर यांनी १९९८ मध्ये सविस्तर लिहिलं आणि तेव्हापासून त्याला नावही आहे. असं करणाऱ्याला बहुतेकदा ते पाप वाटतच नाही, नीटनेटकं लिहिणं वाटतं. पण त्यामुळे वाचकाला कळेनासं होतं की कुठलं भाकीत कसोटीला लावलं होतं आणि कुठलं कसोटीनंतर सुचलं. तिच्या मंजूर संशोधन-आराखड्यात मोठ्या फरकाचं गृहीतक लिहिलेलं होतं. ते तसंच राहणार होतं. ते कशावरून बांधलं होतं आणि तो आधार का टिकत नाही, हेही निबंधात येणार होतं.

तिला हे पटायला वेळ लागला. “लोक हसतील,” ती म्हणाली. मी म्हटलं, तेच आकडे घेऊन आराखडा लिहिणारा दुसरा कुणी हे वाचेल आणि थांबेल.

दुपारी आम्ही खरा पाया शोधला. आकडा भेटला की त्याला काय विचारायचं हे आता तिला माहीत होतं : कुणाच्या लक्षात राहिलं, काय राहिलं, किती दिवसांनी, कुठल्या चाचणीत. पिरॅमिड यातल्या एकाचंही उत्तर देत नाही. रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग सगळ्यांची देतो. महाविद्यालयीन विद्यार्थी, छोटे उतारे, आठवून लिहायची चाचणी. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी ८१ टक्के आठवलं, वाचल्यावर एकदा आठवून लिहिणाऱ्यांना ७५. आठवड्यानंतर चित्र उलटं झालं : पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. तिने तो तक्ता बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, “वाचून आठवड्याने ४२ राहिलं, मग १० कुठून येणार?” आणि लगेच पुढे, “माझ्या मुलांनी शिकवलं म्हणजे आठवूनही बघितलंच की. फरक त्यामुळेच असेल का?” प्रस्तावनेला पाया मिळाला होता आणि तिला एक नवा प्रश्न. त्याचं उत्तर तिचा डेटा देऊ शकत नव्हता, म्हणून तो प्रश्न चर्चेत, पुढच्या अभ्यासाची दिशा म्हणून ठेवायचा, हेही तिनेच सुचवलं.

संध्याकाळी निबंधाचा आराखडा झाला. वर संशोधन प्रश्न एका वाक्यात, खाली उत्तर एका वाक्यात, आकड्यासह. मग तक्ते कुठल्या क्रमाने लावायचे ते. मग प्रत्येक परिच्छेदाची एकच ओळ. ज्या परिच्छेदाची ओळ सुचेना तो ठेवायचा नाही. रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज व्हाइटसाइड्स आपल्या विद्यार्थ्यांना आधी असा आराखडाच आणायला लावत, सलग लेखन नाही. त्यांचं ते टिपण २००४ मध्ये छापलंही गेलं. त्यातला मला पटलेला मुद्दा असा की आराखडा संशोधन चालू असतानाच लिहावा, कारण काय मोजायचं राहिलं ते त्यात दिसतं. आमच्या कागदावरही दिसलं. दोन्ही गटांनी पाठावर सारखाच वेळ घालवला का? नोंदी तिच्या वहीत होत्या, निबंधात नव्हत्या.

पुढचं काम भराभर झालं. पद्धती आणि निष्कर्ष आधी, चर्चा नंतर, प्रस्तावना त्यानंतर, सारांश आणि शीर्षक सर्वांत शेवटी. अडलो ते एकाच ठिकाणी. पिरॅमिडच्या भाकडकथेवर तिने तीन पानं लिहून आणली होती, रागाने, आणि छान लिहिली होती. ती मी एका परिच्छेदावर आणायला सांगितली. तो शोध इतरांचा होता. तिचा निबंध एकमेकांना शिकवण्याबद्दल होता.

जर्नलकडून दोन समीक्षकांचे अभिप्राय आले. पहिल्याने वेळेबद्दलच विचारलं होतं. वहीतल्या नोंदींचा तक्ता जोडला, शिकवणाऱ्या गटाने थोडा जास्त वेळ घेतला होता हे मर्यादांमध्ये स्पष्ट लिहिलं आणि दावा तेवढ्या प्रमाणात सौम्य केला. दुसऱ्याने लिहिलं होतं की लेखिकेने आपल्या निष्कर्षांची तुलना सुप्रसिद्ध शिक्षण-पिरॅमिडच्या टक्केवारीशी करावी. त्याचं उत्तर तिने माझ्या मदतीशिवाय लिहिलं : डेलच्या पुस्तकातलं प्रकरण, १९६७ चा लेख, २०१४ चे चार लेख, प्रत्येकाचा पान क्रमांक, आणि शेवटी एक वाक्य की या टक्केवारीमागे मोजमाप सापडत नसल्याने तिच्याशी तुलना करता येत नाही. संपादकांनी ते मान्य केलं.