रुजू होण्याआधीचा महिना

स्टुटगार्ट, सप्टेंबरचा पहिला आठवडा

नव्या नोकरीच्या करारपत्रावर सही करून ते मी परत पाठवले आहे आणि १ ऑक्टोबरला मला रुजू व्हायचे आहे. घरच्यांच्या आणि मित्रांच्या लेखी विषय संपला. जर्मनीच्या कायद्याच्या लेखी तो अजून संपलेला नाही. ३० सप्टेंबरपर्यंत मी बेकारी भत्ता घेणारा माणूस आहे. असा भत्ता घेणाऱ्याने स्वतः काम शोधत राहावे, काम मिळाल्यास लगेच हजर होता येईल अशा स्थितीत असावे आणि रोजगार कार्यालयाने बोलावले तर जाता यावे, या अटी करारावरच्या सहीने आपोआप गळून पडत नाहीत.

खरे अवघड दिवस सहीच्या आधीचे होते. निवड झाल्याचा फोन जुलैअखेरीस आला, पण इथल्या मोठ्या कंपन्यांत नेमणुकीला कामगार प्रतिनिधी मंडळाची संमती घ्यावी लागते, त्यानंतर कागद तयार होतात, आणि ते हातात येईपर्यंत ऑगस्टचा बराचसा भाग निघून गेला. तोंडी शब्दावर विसंबून अर्ज थांबवणे मला योग्य वाटले नाही. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांत या भागात सध्या नोकरकपात चालू आहे, माझी जुनी नोकरीही तिच्यातच गेली, आणि निवड होऊनही पद गोठवले गेल्याचे माझ्या ओळखीतल्या एकाच्या बाबतीत घडलेले आहे. म्हणून अर्ज चालू ठेवले आणि मुलाखतीही दिल्या. एका मुलाखतीत ‘दुसरीकडे बोलणी कुठवर आली आहेत’ असे विचारले गेले, तेव्हा निवड कळवली गेली आहे पण करार हातात नाही, असे जे होते ते सांगितले. समोरच्या बाईंनी ते टिपून घेतले आणि पुढचा प्रश्न विचारला. शोध चालू ठेवण्याची अट पाळताना समोरच्या कंपनीची दिशाभूल करण्याची गरज पडत नाही, हे त्या दिवशी माझ्यापुरते नक्की झाले.

या सगळ्याची नोंद मी एका तक्त्यात ठेवली आहे: तारीख, कंपनी, पद, अर्ज कसा केला आणि काय उत्तर आले. कार्यालयाने प्रयत्नांचा पुरावा मागितला तर तो तयार असावा, हा हेतू होताच; पण नकारांच्या त्या रकान्यावरून कोणत्या प्रकारच्या जागांना माझा अनुभव चालतो आणि कुठे जर्मन भाषा आड येते, हेही मला स्पष्ट दिसू लागले.

करार आला त्याच दिवशी तो मी रोजगार कार्यालयाला ऑनलाइन खात्यावरून कळवला, कारण परिस्थितीतला कोणताही बदल विनाविलंब कळवणे बंधनकारक आहे. तरीही त्यानंतर टपालपेटीत त्या कार्यालयाचे एक जाड पाकीट आले. स्टुटगार्टजवळच्या एसलिंगेन गावातल्या एका कारखान्यात चाचणी अभियंत्याची जागा आहे, तिच्यासाठी अर्ज करा, अशी त्यात सूचना होती. माझा निरोप पोहोचण्याआधीच ते पत्र निघाले असणार. पहिल्या पानावर जागेचा तपशील होता, आणि मागे बारीक अक्षरांत अर्ज न करण्याचे परिणाम. सबळ कारण नसताना अशी सूचना डावलली तर पहिल्या वेळी ३ आठवडे, दुसऱ्या वेळी ६ आणि त्यापुढे १२ आठवडे भत्ता बंद राहतो. याला इथे ‘श्पेर्रत्साइट’ म्हणतात. स्वतःचे प्रयत्न दाखवता आले नाहीत तर २ आठवडे, भेटीला बोलावल्यावर गेलो नाही तर १ आठवडा, आणि अशी बंदी एकूण २१ आठवडे झाली की उरलेला हक्कच संपतो.

आता हे पत्र गैरलागू आहे असे परस्पर ठरवून ते बाजूला ठेवणे सोपे होते, आणि ओळखीच्या दोघांनी तसा सल्लाही दिला. मी त्याऐवजी पत्राचा क्रमांक आणि रुजू होण्याची तारीख देऊन माझे प्रकरण पाहणाऱ्या बाईंना लेखी विचारले. त्यांचे उत्तर नेमके होते: नोकरीची तारीख पक्की असल्यामुळे या सूचनेवर अर्ज करण्याची आवश्यकता नाही, तशी नोंद केली आहे, पण महिनाअखेरपर्यंत तुम्ही उपलब्ध राहायचे आहे आणि बोलावले तर यायचे आहे. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना मी कळकळीने सांगेन की ही सूट आपली आपण घेऊ नये. ती मागावी, आणि लेखी मागावी.

उपलब्ध राहण्याची अट मनाला जास्त लागते, कारण गणपती तोंडावर आले आहेत. आई फोनवर म्हणाली, ‘अरे, नोकरी लागलीच आहे, महिनाभर मोकळाच आहेस, मग ये की घरी.’ भत्ता चालू ठेवून बाहेरगावी जायचे तर आधी परवानगी लागते, वर्षाला जास्तीत जास्त ३ आठवडे, आणि बेकारीच्या पहिल्या तीन महिन्यांत तर खास कारण असल्याखेरीज ती द्यायची नाही, असा नियम आहे. न सांगता पुण्याला जाऊन आलेले लोक आहेत. मला ते जमणार नाही. भत्त्यावर पाणी सोडून जाता आले असते, पण या काळात माझ्या आरोग्य विम्याचा हप्ताही कार्यालयच भरते, त्यामुळे तोही प्रश्न उभा राहिला असता. आईला हे सगळे समजावून सांगितले. तिला ते पटले, पण वाईट वाटायचे ते वाटलेच.

माझ्या दृष्टीने यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. हा भत्ता म्हणजे उपकार नव्हे, आणि फुकटचा पैसाही नव्हे. जर्मनीत बेकारी विम्याचा कायदा १९२७ साली झाला. आज ठरावीक मर्यादेपर्यंतच्या पगाराच्या २.६ टक्के रक्कम या विम्यासाठी जाते, निम्मी नोकरदाराची आणि निम्मी मालकाची. बेकार होण्याआधीच्या ३० महिन्यांत १२ महिने हप्ता भरलेला असेल तर भत्त्याचा हक्क मिळतो. भत्ता हातात येणाऱ्या पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के. म्हणजे माझ्या जुन्या विभागात जे अजून काम करत आहेत, त्यांच्या पगारातून आज माझा भत्ता जातो, आणि ऑक्टोबरपासून माझ्या पगारातून दुसऱ्या कोणाचा तरी जाईल. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून ग्रामीण मजुराला काम मागण्याचा हक्क दिला आणि काम न दिल्यास भत्त्याची तरतूद केली, याचा मला अभिमान आहे. पण चाकणला नोकरी गेलेल्या माझ्या वर्गमित्राला त्या काळात बचत आणि सासरची मदत यांशिवाय कशाचाच आधार नव्हता. मला इथे जे मिळते ते त्याला तिथे मिळाले असते, तर हाती लागेल ती पहिली नोकरी त्याला धरावी लागली नसती.

उरलेली कामे थोडी आहेत. रुजू होण्याच्या तारखेची नोंद कार्यालयाकडे झाली आहे. माझा इथला निवास परवाना ब्ल्यू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा परवाना आहे; त्यामुळे परदेशी नागरिकांच्या कार्यालयालाही नव्या नोकरीची माहिती द्यायची आहे, ती करारपत्राच्या प्रतीसह या आठवड्यात पाठवीन. भत्ता महिना संपताना त्याच महिन्याचा मिळतो, म्हणून सप्टेंबरच्या भत्त्यातून ऑक्टोबरचे घरभाडे जाईल, आणि नवा पगार ऑक्टोबरअखेरीस येईपर्यंतचा किराणा बचतीतून भागवावा लागेल, असा हिशेब मांडून ठेवला आहे.